फेनिलहायड्राझीनचा ॲनिमिया: रॅट आपोआप सावरला की अर्काने बरा झाला?

मृण्मयी_फार्मा
नमस्कार. थिसिसच्या शेवटच्या टप्प्यावर गाडी अडली आहे, म्हणून इथे विचारते. विषय आहे एका वनस्पतीच्या अर्काचा ॲनिमियावर होणारा परिणाम. प्राणी विस्टार रॅट. नॉर्मल कंट्रोल सोडून बाकी सगळ्यांना लागोपाठ दोन दिवस फेनिलहायड्राझीन (तांबड्या पेशी फोडणारं रसायन) आयपी, म्हणजे पोटाच्या पोकळीत टोचून, किलोमागे ४० मिग्रॅ. नंतर एका गटाला नुसतं व्हेइकल (अर्क ज्यात मिसळतात ते द्रावण, अर्काविना), एकाला 'स्टँडर्ड' म्हणून लोहाचं सिरप, उरलेल्या दोघांना अर्काचे दोन वेगवेगळे डोस, तोंडावाटे, दोन आठवडे.

इंजेक्शनं झाल्यावर हिमोग्लोबिन छान पडलं. शेवटी अर्काच्या दोन्ही गटांत ते नॉर्मलला आलं. सिरपच्या गटातही आलं. आणि व्हेइकलच्या गटातही जवळजवळ आलंच! गाइडचं म्हणणं, टेबल टाक, 'बिफोर-आफ्टर' फरक सिग्निफिकंट आहे. पण पेपरच्या रिव्ह्यूअरने दोन ओळींत विचारलंय: रेटिक्युलोसाइट (अस्थिमज्जेतून, म्हणजे मॅरोतून, नुकत्याच आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, थोडक्यात रेटिक) कुठे आहेत, हाइन्झ बॉडी (पेशीतल्या बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे) पाहिल्या का.

माझे प्रश्न: व्हेइकल गट सुधारला म्हणजे मॉडेल फसलं का? नेक्रॉप्सीत (शवविच्छेदनात) सगळ्या डोस दिलेल्या रॅटच्या प्लीहा फुगलेल्या आणि काळपट होत्या, त्याचा अर्थ काय लावायचा? आणि मधल्या सॅम्पलमध्ये एमसीएचसी (पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा) भलतीच जास्त आली, तो मशीनचा घोळ समजू का?

प्लीहापुराण
मॉडेल फसलेलं नाही. मॉडेल जसं वागतं तसंच वागलंय. फेनिलहायड्राझीनचा एक-दोन डोसचा ॲनिमिया हा स्वतःहून भरून येणारा ॲनिमिया आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास तळ गाठतो, त्यानंतर रेटिक उसळतात आणि दोनेक आठवड्यांत रॅट बऱ्यापैकी सावरतो. त्यामुळे शेवटच्या दिवसाचं हिमोग्लोबिन दाखवून 'अर्काने ॲनिमिया बरा केला' म्हणणं हा या मॉडेलवरच्या पेपरांमधला सर्रास दिसणारा प्रकार आहे, आणि तो मला अजिबात पटत नाही. स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी केलेल्या तुलनेला इथे काही अर्थ नाही. तुलना व्हेइकल गटाशी, त्याच दिवशी.

थोडं मुळातून सांगतो. हे रसायन एमिल फिशरचं, १८७५ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तांबड्या पेशी अतोनात वाढलेल्या रुग्णांना, म्हणजे पॉलिसायथेमियाला, चक्क औषध म्हणून देत असत. पेशी फुटतात हाच त्याचा 'गुण'. ते हिमोग्लोबिनला ऑक्सिडाइझ करतं. बिघडलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या आतल्या पटलाला चिकटून बसतं. रॉबर्ट हाइन्झने १८९० मध्ये वर्णन केलेले कण ते हेच. पटलही ऑक्सिडाइझ होतं, पेशी ताठर होते. अशी पेशी प्लीहेच्या अरुंद फटींतून जाताना अडकते. मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) एक तर तो गोळा तेवढा उपटून काढतात, नाहीतर अख्खी पेशी गिळतात. काही पेशी रक्तवाहिनीतच फुटतात.

म्हणून तुझ्या प्लीहा फुगल्या. एकीकडे कचरा उचलण्याचं काम, दुसरीकडे नवीन पेशी बनवण्याचं. रॅट-माइसची प्लीहा मोठेपणीही रक्त बनवू शकते, आणि अशा वेळी मॅरोच्या जोडीने ती पूर्ण जोर लावते. माणसाच्या बाबतीत हे एरवी होत नाही. काळपट रंग साठलेल्या रक्ताचा आणि लोहाचा.

आता सिरप. फुटलेल्या पेशींतलं बहुतेक लोह शरीरातच राहतं. मॅक्रोफेज ते काढून मॅरोला परत देतात. म्हणजे या रॅटला लोहाची टंचाई नाहीच, झाली तर रेलचेल आहे. मग लोहाचं सिरप इथे 'स्टँडर्ड' कशाचं? हा प्रश्न रिव्ह्यूअरने विचारला नाही हे नशीब.

थोडं_थांबा
एमसीएचसीबद्दल. मशीन बिघडलेलं नसावं. ते पेशी फोडून द्रावणातून प्रकाश सोडतं आणि किती शोषला गेला त्यावरून हिमोग्लोबिन ठरवतं. हाइन्झ बॉडी या फोडणाऱ्या द्रावणात विरघळत नाहीत. त्या तरंगत राहतात, द्रावण गढूळ होतं, प्रकाश विखुरतो आणि मशीनला वाटतं हिमोग्लोबिन जास्त आहे. त्यात प्लाझ्मामध्ये सुटं हिमोग्लोबिन असेल तर तेही मोजलं जातं, पण ते पेशींच्या आत नसतं. एमसीएचसी ही हिमोग्लोबिन भागिले हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा), त्यामुळे ती वर जाते.

याचा उलटा अर्थ महत्त्वाचा: त्या मधल्या दिवसांचं हिमोग्लोबिन छापलं गेलंय त्यापेक्षा खरं तर कमी होतं. अशा सॅम्पलला केशनळी फिरवून काढलेला पीसीव्ही (म्हणजे हिमॅटोक्रिटच) आणि तांबड्या पेशींची संख्या जास्त विश्वासाची. नळी फिरवल्यावर प्लाझ्मा गुलाबी दिसला का, हेही लिहून ठेवायचं असतं. फुकटची माहिती आहे ती.

मृण्मयी_फार्मा
बापरे, दोघांचेही आभार. पीसीव्ही आहे माझ्याकडे, प्लाझ्माचा रंग काही सॅम्पलपुरता वहीत लिहिलाय. रेटिक नाहीत. त्या दिवसांच्या लिशमन (रक्ताच्या स्लाइडचा नेहमीचा रंग) केलेल्या स्लाइड मात्र डब्यात आहेत. त्यांवर हाइन्झ बॉडी मोजता येतील का?

काचपट्टी
लिशमन किंवा गिम्सावर हाइन्झ बॉडी मोजू नका. तिथे त्या धड दिसतच नाहीत. फार तर पेशीच्या कडेला फिकट फुगवटा, तोही कळणाऱ्यालाच कळतो.

त्यासाठी ताजं रक्त लागतं. ईडीटीएमधलं (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनातलं) रक्त आणि न्यू मेथिलीन ब्लू किंवा क्रिस्टल व्हायोलेट सारख्या प्रमाणात नळीत मिसळायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग काचेवर स्मिअर (पातळ थर) ओढायचा. १०० च्या तेल-भिंगाखाली फेनिलहायड्राझीन दिलेल्या रॅटचं रक्त पाहिलं की लगेच कळतं: जवळजवळ प्रत्येक पेशीत कडेला टेकलेला गडद ठिपका, कुठे एक, कुठे तीन-चार, काही कडेबाहेर आलेले. मेथिलीन ब्लूवर रेटिकही रंगतात, तिथे नवशिक्यांची गल्लत होते. रेटिकमध्ये धागे, जाळी किंवा कणांची माळ दिसते आणि ती पेशीच्या मधल्या भागात पसरलेली असते. हाइन्झ बॉडी गोल, एकसंध आणि कडेला. क्रिस्टल व्हायोलेटवर हाइन्झ उठून दिसतात, म्हणून शंका असेल तर दोन्ही करावं. एक अडचण लक्षात ठेवा: तळाच्या दिवशी हाइन्झ इतक्या असतात की मशीनचे रेटिकही बिनधास्त घेऊ नयेत. हाताने मोजलेले बरे.

जुन्या लिशमन स्लाइड वाया गेल्या असं मात्र नाही. त्यांवर पॉलिक्रोमेशिया पाहा. निळसर झाक असलेल्या मोठ्या पेशी म्हणजे साधारण रेटिकच. व्हेइकल आणि अर्क या दोन्ही गटांत, दिवसवार, ठरावीक फील्डमध्ये मोजा, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नको. रेटिकची जागा ते घेणार नाही, पण मॅरोने उत्तर दिलं की नाही एवढं सांगेल.

आणि माणसाचे स्मिअर पाहायची सवय असेल तर एक सूचना. निरोगी रॅटच्या रक्तातही थोडा पॉलिक्रोमेशिया आणि एखाद-दुसरी हॉवेल-जॉली बॉडी (पेशीत उरलेला केंद्रकाचा कण) असतेच. पेशी माणसापेक्षा लहान, मधला फिकटपणा कमी. एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) माणसात ८० ते १०० फेम्टोलिटर, रॅटमध्ये ५०-६० च्या घरात. हे पाहून 'मायक्रोसायटिक' (पेशी प्रमाणापेक्षा लहान) असा शेरा मारलेला थिसिस मी डोळ्यांनी पाहिलाय.

अर्धविराम
मधेच तोंड घालतो, क्षेत्र वेगळं आहे. रॅटच्या तांबड्या पेशी माणसासारख्या वागतच नसतील, तर हा सगळा खटाटोप कशासाठी? रॅटमध्ये पेशी फुटल्या म्हणून माणसात फुटतील, असं कशावरून?

प्लीहापुराण
@अर्धविराम, रास्त प्रश्न आहे आणि उत्तर दोन्ही बाजूंनी आहे.

रॅट घाबरवतो आणि माणसाला काहीच होत नाही, याचं ठळक उदाहरण २-ब्युटॉक्सीइथेनॉल. औषध नाही, रंग आणि सफाईच्या द्रावणांतलं सॉल्व्हंट आहे. शरीरात त्याचं ब्युटॉक्सीॲसेटिक ॲसिड बनतं. त्याने रॅटच्या पेशी फुगतात आणि फुटतात. म्हाताऱ्या रॅटच्या तरुणांपेक्षा जास्त. माणसाच्या पेशी काचेच्या नळीत त्याहून कितीतरी जास्त प्रमाण सोसतात, गिनीपिगच्याही सोसतात. हे नीट कळल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००४ मध्ये ते घातक वायुप्रदूषकांच्या यादीतून काढलं.

उलट बाजू: रॅट गप्प बसतो आणि माणूस अडचणीत येतो. मेथेमोग्लोबिनला (ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या, ऑक्सिडाइझ झालेल्या हिमोग्लोबिनला) परत हिमोग्लोबिन करणारं एन्झाइम रॅट आणि माइसच्या पेशींत माणसापेक्षा जास्त जोमाने चालतं. ॲनिलिनच्या जातीची संयुगं दिली तर रॅट ती भराभर निस्तरतो, कुत्रा आणि मांजर अडकतात. मांजराचं तर विचारूच नका. तिच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिडेशनला बळी पडणारे आठ सल्फहायड्रिल गट, माणसाच्या दोन. त्यात पॅरासिटामॉलची विल्हेवाट लावणारी ग्लुकुरोनिडेशनची वाट तिच्या यकृतात तोकडी, आणि हाइन्झ बॉडी उपटून काढण्यात प्लीहा कच्ची. निरोगी मांजराच्या रक्तातही काही हाइन्झ बॉडी सापडतात. त्यामुळे मांजराच्या स्मिअरवर त्या दिसल्या की लगेच औषधावर आळ घेऊ नये.

तिसरा प्रकार प्रायमाक्वीनचा, म्हणजे मलेरियाच्या औषधाचा. काही लोकांच्याच पेशी त्याने का फुटतात, याचा उलगडा शिकागोच्या गटाने १९५६ मध्ये केला: त्या पेशींत जी-६-पीडी (पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं एन्झाइम) कमी होतं. साध्या निरोगी रॅटमध्ये ही कमतरता नसते, मग त्याने इशारा द्यायचा कसा? पुढे प्रतिकारशक्ती नसलेल्या माइसच्या अंगात जी-६-पीडी कमी असलेल्या माणसांच्या तांबड्या पेशी भरून त्या गटातली औषधं तपासायचं मॉडेल निघालं. म्हणजे प्राणी माइस, पेशी माणसाच्या.

तेव्हा 'रॅटमध्ये झालं' हे निम्मंच वाक्य. का झालं ते कळलं तरच माणसाबद्दल काही बोलता येतं.

अठ्ठावीस_दिवस
टॉक्सिकॉलॉजीत नोकरी, आयडीवरून कळलंच असेल. 😀 वरचं सगळं पटलं. फक्त इथली चर्चा पेशी फुटण्यावरच चाललीय. आमच्याकडे येणारा ॲनिमिया बहुतेक वेळा एवढा नाट्यमय नसतो. २८ दिवसांचा किंवा ९० दिवसांचा अभ्यास, वरच्या डोसला हिमोग्लोबिन ६-८ टक्के खाली, आणि मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघतायत. तेव्हा मी आधी औषध सोडून बाकीच्या संशयितांची चौकशी करतो.

पहिला संशयित आम्ही स्वतः. रॅटमध्ये किलोमागे साधारण ६४ मिली रक्त. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये झालं १६ मिली. माइसमध्ये किलोमागे ७२ धरलं तर २५ ग्रॅमच्या माइसमध्ये सगळं मिळून १.८ मिली! एका वेळी दहा टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही म्हटलं की हातात येतात १८० मायक्रोलिटर. आता फार्माकोकायनेटिक्सवाले (पीके, म्हणजे औषध रक्तात कधी किती ते मोजणारे) त्याच प्राण्यांतून दिवसात सहा वेळा थेंब-थेंब नेतात, त्यावर आम्ही सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला) घेतो, आणि मग विचारतो हिमोग्लोबिन का पडलं. त्यात कंट्रोलमधून एवढं रक्त काढलेलं नसेल तर औषधावर फुकटचा आळ. म्हणूनच पीकेसाठी वेगळे सॅटेलाइट प्राणी ठेवतात.

दुसरा संशयित पोट. वरच्या डोसला रॅट खाणं सोडतो, वजन घटतं. उपाशी रॅटची मॅरो काम मंद करते, रेटिक उतरतात. पण त्याच वेळी तो पाणीही कमी पितो, रक्त घट्ट होतं, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल किंवा चक्क जास्त दिसतं. अल्ब्युमिन, युरिया बाजूला ठेवून वाचलं नाही तर ॲनिमिया लपून जातो. रिकव्हरी गटात (डोस थांबवलेल्या प्राण्यांत) पाणी प्यायला लागला की आकडा पडतो आणि सगळे दचकतात.

रक्त कुठून आणि कोणत्या भुलीत काढलं हेही बघायचं. शेपटीच्या रक्ताचे आणि हृदयाच्या रक्ताचे आकडे जुळत नाहीत. फेरेटला आयसोफ्लुरेन दिलं की काही मिनिटांत हिमॅटोक्रिट धाडकन उतरतो, कारण पेशी प्लीहेत जाऊन बसतात. एकाच अभ्यासात जागा आणि भूल बदलू नये, एवढं साधं आहे.

एवढं करूनही आकडा उरला तर रेटिक. वाढले असतील तर पेशी फुटतायत किंवा कुठेतरी रक्तस्राव आहे. कमी किंवा आहेत तेवढेच, तर मॅरोकडे बघा. आणि टक्केवारी नको, प्रत्यक्ष संख्या. एकूण पेशी कमी झाल्या की टक्केवारी आपोआप फुगते.

अर्धविराम
मॅरो बंद पडली तर २८ दिवसांत कळतं? शाळेत तर शिकलो तांबडी पेशी १२० दिवस जगते.

अठ्ठावीस_दिवस
१२० माणसाची. रॅटची साधारण ६०, माइसची ४० च्या आसपास. हिशोब करून बघ: उत्पादन पूर्ण थांबलं तर माणूस रोज एक टक्क्याहून थोड्या कमी पेशी गमावतो, रॅट दीडच्या वर, माइस अडीच. चौदा दिवसांनी माणूस १२ टक्के खाली, रॅट २३, माइस ३५. म्हणून छोट्या प्राण्यात मॅरोचा मार लवकर दिसतो. तरीही त्याआधी रेटिक पडतात, कारण ते एक-दोन दिवसांतच पक्के होऊन निघून जातात. ५-फ्लुरोयुरासिलसारखं कर्करोगावरचं औषध देऊन रोज बघितलं तर रेटिक आधी तळाला जातात आणि हिमोग्लोबिन मागून रेंगाळत येतं.

प्रत्येक मॅरोचा मार प्राण्यात उतरत नाही, हेही खरं. क्लोरॅम्फेनिकॉलचा डोसवर अवलंबून असलेला, औषध थांबवल्यावर भरून येणारा परिणाम मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिननिर्मितीशी जोडलेला आहे आणि तो प्राण्यांत दिसतो. हजारोंत एखाद्या माणसाला होणारा जीवघेणा ॲप्लास्टिक ॲनिमिया मात्र दहा-वीस रॅटच्या गटात शोधायला जाऊ नये.

वनौषधी_अभ्यासक
सगळे मिळून अर्काला झोडपताय असं वाटतंय. 🙂 आमच्या अभ्यासात फेनिलहायड्राझीनच्या एक आठवडा आधीपासून अर्क दिला होता. त्या गटात हिमोग्लोबिन मुळात कमीच पडलं, व्हेइकलशी तुलना करूनही फरक स्पष्ट. याला काय म्हणाल?

प्लीहापुराण
फरक खरा असेल. मी त्याला रक्तवर्धक म्हणणार नाही. फेनिलहायड्राझीनचा सगळा मारा ऑक्सिडेशनचा आहे. पॉलिफेनॉल (ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं) भरलेला कोणताही अर्क आधी देऊन ठेवला तर तो मारा सौम्य होऊ शकतो. म्हणजे तुम्ही दाखवलंत की अर्क या एका विषापासून पेशींना वाचवतो. त्याने नवीन पेशी बनतात, हे दाखवलं नाही. उलट नीट बघितलं तर तुमच्या अर्काच्या गटात रेटिक व्हेइकलपेक्षा कमी असायला हवेत, कारण नुकसानच कमी झालं. पेपरमध्ये तो आकडा होता का?

वनौषधी_अभ्यासक
रेटिक केले नव्हते. मुद्दा पोचला. पण मग अर्क रक्त बनवतो हे दाखवायचं कसं?

प्लीहापुराण
दावा काय आहे त्यावरून मॉडेल ठरवा. लोहाचा दावा असेल तर लोह नसलेल्या खाद्यावर वाढवलेले रॅट किंवा मोजून रक्त काढलेले रॅट. तिथे लोहाचं सिरप 'स्टँडर्ड' म्हणून शोभतं. मॅरोला चालना देण्याचा दावा असेल तर फेनिलहायड्राझीन चालेल, पण पेशी फुटून झाल्यावर, तळाच्या दिवसापासून अर्क सुरू करा, सगळ्या गटांत तळाचं हिमोग्लोबिन सारखं आहे हे दाखवा, आणि एक दिवसाआड रेटिकची संख्या घ्या. माइसमध्ये एवढं रक्त नाही, तेव्हा रॅट. जमल्यास एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) दिलेला एक गट. शिखर लवकर आलं किंवा उंच आलं तर बोलायला जागा आहे. दोन्ही रेघा चौदाव्या दिवशी एकाच ठिकाणी भेटणार आहेत, तिथे पाहण्यासारखं काही नाही.

थोडं_थांबा
+१. आणि फेनिलहायड्राझीनचं द्रावण रोज ताजं, उजेडापासून झाकून. काही ठिकाणी आठवडाभर तीच बाटली वापरतात, मग दुसऱ्या बॅचमध्ये ॲनिमिया कमी का याचं संशोधन चालतं. हातमोजे विसरू नका, ते त्वचेतूनही शिरतं आणि कर्ककारक असल्याचा संशय आहे.

काचपट्टी
थोडं अवांतर. याच रसायनाच्या जिवावर जीवरसायनशास्त्राने किती मजल मारली ते पाहा. सशाला फेनिलहायड्राझीन देऊन ॲनिमिक करायचं, रक्त रेटिकने भरलं की ते काढून पेशी फोडायच्या. केंद्रक नाही, पण रायबोसोम आणि प्रथिनं बनवायची सगळी सामग्री हजर. पेलहॅम आणि जॅक्सन यांनी १९७६ मध्ये त्यात न्यूक्लिएज घालून सशाचा स्वतःचा एमआरएनए (प्रथिनाचा आराखडा) नष्ट केला, आणि मग हवा तो एमआरएनए टाकून त्याचं प्रथिन नळीत बनवता येऊ लागलं. बाजारात मिळणारं रॅबिट रेटिक्युलोसाइट लायसेट ते हेच.

मृण्मयी_फार्मा
हे माहीत नव्हतं!
गाइडशी बोलले. शीर्षकातला 'अँटिॲनिमिक' शब्द काढायला ते तयार नाहीत, पण व्हेइकलशी दिवसवार तुलना करायला हो म्हणालेत. पीसीव्ही आणि पेशीसंख्येचे आलेख पुन्हा काढतेय. पॉलिक्रोमेशिया मैत्रीण मोजेल, तिला गट सांगणार नाही. नवीन प्राणी मागायचे तर नैतिक समितीकडे पुन्हा जावं लागेल, ते आत्ता शक्य नाही. प्लीहेचे पॅराफिन ब्लॉक सगळ्या गटांचे आहेत. प्रशियन ब्लू करून लोह दाखवलं तर उपयोग होईल?

प्लीहापुराण
होईल. लोह शरीरातच आहे हे त्याने डोळ्यांना दिसेल, आणि सिरपचा गट स्टँडर्ड का धरू नये याचं उत्तरही तुझ्याच चर्चेत देता येईल. यकृताचे ब्लॉक असतील तर कुप्फर पेशींसाठी (यकृतातल्या मॅक्रोफेजसाठी) तेही कर. फक्त नॉर्मल कंट्रोलच्या प्लीहा त्याच बॅचमध्ये रंगव. निरोगी रॅटच्या प्लीहेत लोह असतंच, वयाबरोबर वाढतं, आणि माद्यांमध्ये नरांपेक्षा जास्त असतं. तुझे सगळे नर होते की मिश्र?

मृण्मयी_फार्मा
मिश्र, प्रत्येक गटात निम्मे. मग नर आणि माद्या वेगवेगळ्या मोजते.